ग्रहण सुटायच्या आधी

प्रिय आये,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्म्याच्या काडीला अजून दोराच बांधलेला असेल तरी तुला वाचता यावं म्हणून. विपुलला वाचायला देऊ नकोस. तुझा लेक अर्धं गाळेल आणि उरलेलं रंगवून सांगेल. सव्वातीन वर्षं मी तुझा फोन उचलला नाही आणि आज एकदम पत्र आलं, म्हणजे तू आधी मटकन खाली बसशील. म्हणून पहिलं हेच लिहिते की मी बरी आहे. पोटातलंही बरं आहे. आत्ता डाव्या बरगडीखाली लाथा मारतंय. छत्तिसावा आठवडा चालू आहे.

परवा शिमग्याच्या दिवशीच ग्रहण आलं. आदल्या संध्याकाळी विपुल आमच्या कळंबोलीच्या सोसायटीत आला, वॉचमनकडे पिशवी ठेवली आणि वर न येताच पळाला. पिशवीत नारळ. मग फोनवर तुझा निरोप, "आयनं सांगितलाय, उद्या गिरान हाय. नारल मांडीवर घे न् पाय सरल करून बस. सुटंपरयंत उठू नको." मी त्याला म्हटलं, आयला सांग, मी लॅबमध्ये नोकरी करते, मला असलं काही पाठवू नकोस. फोन ठेवला आणि नारळ देवापाशी नेऊन ठेवला. बघ माझी अक्कल.

तुझ्या जावयाला, शौनकला, मी काहीच सांगितलं नाही. तो पहाटेच तळोज्याला कंपनीत गेला. तिथं गेटवरच मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लागतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याचा पत्ता नाही. मी कॅलेंडरमध्ये वेळा पाहिल्या. सकाळपासून वेध. गरोदर बाईला वेध दुपारनंतरच, असं त्यातच बारीक अक्षरात लिहिलं होतं, पण मी सवलत घेतली नाही. एकदा दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर ताकच प्यायले नाही. सकाळपासून पोटात अन्न नाही. साडेतीनला ग्रहण लागलं, तेव्हापासून पाणीही नाही. पडदे ओढले, भिंतीला पाठ लावली, पाय सरळ केले आणि मांडीवर तुझा नारळ घेऊन बसले. एमएस्सी झालेली बाई. तू बघितलं असतंस तर पदराआड हसली असतीस.

डॉक्टरांनी मला एक कागद दिलाय. बाळ हललं की त्यावर फुली मारायची, दोन तासांत दहा व्हायला हव्यात. पाच वाजता कागद पाहिला तर दुपारपासून एकच फुली. पोटावर थापटलं. हाक मारली. काही नाही. तेव्हा लगेच उठायला हवं होतं ना? मी उठले नाही, आये. ग्रहण सुटायला पावणेदोन तास होते. उठले तर ग्रहण मोडणार आणि बसले तर बाळ जाणार, असं डोक्यात गरगर फिरत होतं, आणि मी त्या नारळाला दोन्ही हातांनी घट्ट धरून घड्याळाकडे बघत राहिले. चाळीस मिनिटं. दगडासारखं गप्प पोट घेऊन चाळीस मिनिटं. या जन्मात मी स्वतःला ती माफ करणार नाही.

शेवटी रडतच उठले, पाय मुंग्यांनी मेलेले. शेजारच्या मीनाकाकूंचं दार वाजवलं. त्या साताऱ्याच्या, होळीच्या पुरणपोळ्या लाटत होत्या. हातांना पीठ तसंच, त्यांनी मला रिक्षात घातलं. स्टील मार्केटच्या रस्त्याला ट्रकांची ही रांग. काकू रिक्षावाल्यावर ओरडत होत्या, "आरं, उलटा घाल, पण घाल!" मी ओरडत नव्हते. मी पोटावर हात ठेवून मिनिटं मोजत होते. नारळ माझ्या हातातच होता, तो घेऊन आल्याचं मला हॉस्पिटलच्या पायरीवर कळलं.

तिथं तेच सगळं, आये. तीच थंडगार जेल, तोच पट्टा, सिस्टरचं तेच इकडून तिकडे मशीन फिरवणं आणि तोंडातून शब्द न काढणं. मागच्या वेळी तू दाराशी होतीस, तुला आठवत असेल ती शांतता. मी डोळे मिटले. देवाला म्हटलं, याला ठेव आणि मला ने, मला चालेल. आणि मग आवाज आला. घोडा पळावा तसा. एकशे अठ्ठेचाळीस, सिस्टर म्हणाली. मी इतक्या मोठ्यानं रडले की वॉर्डातल्या राजाबाई मावशी झाडू टाकून धावत आल्या.

माझ्या डॉक्टर संध्या मॅडमनी विचारलं, शेवटचं कधी जेवलीस? माझ्या हातातल्या नारळाकडे बघून त्यांना सगळं कळलं. त्या रागावल्या, पण हळू आवाजात. बाळ झोपलं होतं आणि आई उपाशी-तापाशी, मग ते कशाच्या जोरावर हलणार? सलाईन लावलं, लिंबूपाणी पाजलं. वीस मिनिटांत अशी लाथ बसली की पट्टा सरकला. बाहेर अजून ग्रहण सुटलं नव्हतं. लिंबूपाणी, आये. लिंबूच.

दिवाळीतलं ते ग्रहण आठवतं ना? करावे गावातल्या आपल्या घरात तू सगळ्यांना गप्प बसवलं होतंस आणि मी सातवा महिना मिरवत ओट्याशी उभी राहून सर्वांदेखत लिंबू कापला. चंद्र सूर्याला झाकतो त्यात माझ्या लिंबाचा काय संबंध, असं म्हणून हसले. महिन्यानं आपली पोरगी पोटातच गेली. आणि त्या कॉरिडॉरमध्ये तू कपाळ बडवत म्हणालीस, "तरी मी सांगत व्हते, गिरानात कापू नको." सासरची माणसं ऐकत होती.

तुला वाटलं, मी त्या बोलण्याचा राग धरला. सगळ्यांना तसंच वाटतं. राग असता तर एव्हाना भांडून मोकळी झाले असते, आपल्या दोघींना भांडायला कितीसा वेळ लागतो! राग नव्हता. मला ते खरं वाटलं होतं. तुझा फोन वाजला की मला ते वाक्य ऐकू यायचं, म्हणून मी उचलत नव्हते. सव्वातीन वर्षं मी घरात लिंबू आणला नाही.

परवा संध्या मॅडमनी माझी जुनी फाइल उघडायला लावली. मी ती कधी वाचलीच नव्हती. त्यात स्पष्ट लिहिलंय की नाळेला गाठ बसली होती. कुणाच्या हातात नव्हतं. त्या कागदाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे, तेवढा मात्र विपुलकडून वाचून घे. आणि तरीही काल मी फुल्या मोजताना मनात म्हणत होते, ग्रहण मोडून उठलीस, आता बघ. कागद मला पुरत नाही, आये. डॉक्टर पुरत नाहीत. ज्या तोंडानं ते वाक्य म्हटलं, त्याच तोंडानं ते पुसायला हवं. पुढच्या गुरुवारी मला ॲडमिट करणार आहेत. त्याच्या आधी ये. नारळ ओट्यावर ठेवलाय, तो तूच फोड. माझ्या डोक्यावर हात ठेव आणि एकदाच म्हण, "पोरी, तुजा काय चुकला नाय." मनातून वाटत नसलं तरी म्हण. हे बाळ बाहेर यायच्या आधी मला ते ऐकायचंय.

तुझीच, लिंबू कापलेली,
मनस्वी