न उडणारी हळद

३ मार्च १९४१, परभणी
पांढऱ्या पातळावरचा डाग आजही तसाच. शेजारच्या हळदवाल्या राधाकाकू हसताना माणसाला धरून हसतात, आणि त्या दिवशी त्यांच्या हाताला हळद होती. साबण झाला, लिंबू झालं. गेले कित्येक दिवस पातळ रोज उन्हात टाकते आहे. हळदीचा डाग उन्हात उडतो. हे सांगायला शाळा लागत नाही, दोरीवर धुणं घातलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हा उडत नाही.
काकूंना नेऊन दाखवला. शरम वाटावी की नाही? उलट फुशारकी: "बघा बाई! माझी हळद हाय ती. पक्की! बाजारातली असती तर दुपारलाच गेली असती."
पातळाचं दुःख नाही. पण हा तर्क ऐकून माझा चहा कडू झाला.
दुसरा केला. तो उत्तम झाला. पेन्शनीत आल्यापासून दुसरा चहा करायला कुणाची परवानगी लागत नाही. दुपारी झोपले.

६ मार्च
डाग डोक्यातून जाईना, म्हणून प्रयोग. दोन काचेचे पेले. एकात काकूंची हळद. दुसऱ्यात बसमतहून आलेलं बिनचमकवलेलं हळकुंड मीच कुटून घातलं. पाणी ओतलं, ढवळलं, सोडून दिलं.
माझं पाणी बराच वेळ गढूळ राहिलं. काकूंच्या पेल्यात तळाशी ताबडतोब पिवळाधमक गाळ बसला. जड. भिंतीच्या रंगासारखा. वरचं ओतून टाकलं, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा तेच. हळद इतकी जड नसते.
सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर म्हणत, जे दिसलं ते आधी लिही, जे वाटलं ते नंतर. दिसलं ते लिहिलं. वाटतंय ते लिहायला नको वाटतंय.
निम्म्या परभणीच्या आमटीत काकूंची हळद आहे. माझ्याही.

७ मार्च
काकूंच्या अंगणात जाऊन बसले. "काय बाई, आज आमच्याकडं इन्स्पेक्शन का?" म्हणाल्या. हो म्हटलं.
बसमतकडची सुकवलेली हळकुंडं पोत्यात भरतात, वर पिवळी भुकटी टाकतात, पाण्याचा हबका मारतात, आणि दोघी जणी पोत्याची दोन टोकं धरून घुसळतात. सालं निघतात, हळकुंड चमकतं. अंगणात पिवळा धुरळा. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला त्यांची सून मथुरा. पोर गंगाखेडची, गुणी, कामाला वाघ. तिसरा महिना लागलाय. याआधी दोनदा पोट पडलं. दोन्ही वेळा पाचव्यात.
भुकटी कसली?
"पिवडी. सासूबाईच्या येळेपासून पिवडीच लावतो आमी."
सासूबाईंची पिवडी म्हणजे पिवळी माती, भिंती सारवायची. ती मीही पाहिली आहे. ही माती नव्हे. कागदी पुडा, त्यावर पोपटाचं चित्र, बाकी अक्षर नाही. मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या रंगवाल्याकडून येतो. तो याला विलायती पिवडी म्हणतो. नाव तेच राहिलं आणि आतला माल बदलला.
मथूला म्हटलं, तोंड उघड. पोर लाजली. हिरडीच्या कडेने निळसर काळी रेघ. पोटात दुखतं का? "गोळा उठायलाय बाई, रोज. जेवण जाईना."
काकू म्हणाल्या, नजर लागली.
नजर! मी तिथून उठले नसते तर काहीतरी बोलले असते. उठता उठता बोललेच.

८ मार्च
काल काय बोलले त्याचा निकाल: काकू आज माझ्याकडे बघेनात. दुपारी मी गेले. सरळ सांगितलं, या पिवडीत शिसं असावं असा मला संशय आहे, मथूच्या हिरडीवरची रेघ त्याचीच खूण. शिसं पोटातल्या लेकराला राहू देत नाही. मथूला पोत्यापासून उठवा.
"ह्या हळदीवर तिचं लगीन झालंय बाई. ह्या हळदीवर घर चालायलंय. तुमी पेल्यात पाणी ढवळलं, आन् मी दुकान बंद करू?"
बराच वेळ वाजलं. शेवटी त्यांनीच तोड काढली: "हैदराबादेहून कुणी शिकलेलं माणूस सांगू द्या. त्या दिवशी मी पोतं सोडीन. तोवर मथी बसंल पोत्यावर. हंगाम हाय."
मी शिकलेलं माणूस नाही, असं झालं. तीस वर्षं परभणीच्या मुलींना उर्दू आणि उर्दूतून शास्त्र शिकवलं ते बहुधा वाऱ्याला. पण काकू शब्दाच्या पक्क्या आहेत. तेवढं पुरे.

१० मार्च
जमीला माझी विद्यार्थिनी. वर्गात सगळ्यात जास्त बडबड करायची. आता हैदराबादेत मुलींच्या कॉलेजात रसायन शिकवते. तिला शीशीभर भुकटी आणि थोडी हळद पाठवली. नेणार बळवंतराव, समोरचे, रेल्वेत गार्ड, सिकंदराबादपर्यंत जातात. अत्यंत सज्जन मनुष्य, फक्त तोंडात स नाही. साखरेला शाखर, सासूला शाशू. त्यांची बायको म्हणते, सवय झाली. मला नाही झाली.
"शांभाळून नेतो, बाई."
न्या म्हटलं.
मोगऱ्याला कळ्या. मांजरीने माझ्या खुर्चीवर हक्क सांगितलाय. मी तिच्याशी भांडत नाही, ती हैदराबादचा दाखला मागत नाही.

१७ मार्च
बळवंतराव आले. जमीलाच्या शिपायाने त्यांना स्टेशनात गाठून निरोप दिला: "उश्तानीजींना शांगा, शीशा मिला."
शीशी पोचली. बरं झालं. आता तपासणी.
काकूंना कुंपणावरून सांगितलं. "पोचली ना? मग बघू," म्हणाल्या, आणि मथूला हाक मारली. पोत्याचा आवाज संध्याकाळपर्यंत.

२६ मार्च
जमीलाचं काही नाही. शीशी मिळाल्याचं कळवायला शिपाई पाठवला, आणि शीशीत काय आहे ते बघायला हिला सवड नाही! वर्गातही अशीच. गणित अर्धं सोडून खिडकीबाहेर.
मथूला माझ्याकडे रोज पेलाभर दूध पाजते. काकू बघतात. पोतं मात्र थांबलं नाही. मथूला धुरळ्यात तोंडाला ओला पदर बांधायला शिकवलं. बांधते, पण सासूची पाठ वळली की. मग काकूंनीच एक जुनं लुगडं फाडून तिला दिलं.

२ एप्रिल
मथूने विचारलं, "बाई, हे टिकंल ना?"
मी म्हटलं, दूध पी.

९ एप्रिल
आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.
बळवंतराव सकाळी सांगत आले, जमीलाबाई दुपारच्या गाडीने परभणीवरून औरंगाबादला निघाल्यात. मी स्टेशनवर गेले. चांगली झापायची तयारी करून गेले. जनाना डब्याच्या खिडकीत जमीला, केस पिकायला लागलेत, गालावरची खळी तीच.
मी म्हटलं, शरम नाही वाटत? महिना होत आला, एक पोरगी वाट बघतेय.
"उस्तानीजी! मैं तो कबकीच कहला भेजी! सीसा मिला बोलके!"
शीशा मिला हे कळलं. पुढे काय?
ती म्हणाली, "शीशा नक्को, उस्तानीजी. सीसा. सी-सा. भुकटीत बी मिला, हळदीत बी मिला. मैं खुद देखी. सड्या अंड्याचा वायू सोडी, सगळं काळं पडा."
आधी हसली. मग माझं तोंड बघून थांबली.
शिसं सापडलं म्हणून तिने कळवलं. बळवंतरावांच्या तोंडून त्याची शीशी झाली. आख्ख्या गल्लीला त्यांच्या तोंडात स नाही हे ठाऊक, मला सगळ्यांत जास्त ठाऊक, आणि तीन आठवडे मी जमीलाला शिव्या देत बसले. उर्दूची मास्तरीण! मिला म्हणजे मिळाला आणि मिला म्हणजे सापडला, हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय.
गाडी सुटताना जमीला ओरडली, "पहिले उस छोकरी को धूल से हटाओ!"
टांगेवाल्याला घाई करायला लावली. तो म्हणाला, घोडं म्हातारं हाय, बाई. मी म्हटलं मीही आहे.
काकूंच्या अंगणात पोतं चालू होतं. मी दारातूनच ओरडले, "शिसं आहे! हैदराबादेने सांगितलं!"
काकूंनी पोत्याचं टोक सोडलं. मथूच्या हातात दुसरं तसंच राहिलं, हळकुंडं सगळी अंगणात. काकू पुढे झाल्या, मथूचे हात धरले, आणि रांजणापाशी नेऊन स्वतः धुतले. कोपरापर्यंत. धुता धुता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागल्या दोन येळेलाबी हेच असंल का, बाई?"
मी म्हटलं, असेल.
मला खोटं बोलता आलं असतं तर आज बोलले असते.

१० एप्रिल
रंगवाल्याकडे गेलो, काकू आणि मी. काकूंनी पोपटाचा पुडा त्याच्या गादीवर आपटला. "पिवडी म्हणून दिलास!"
"पिवडीच हाय की. भिंतीला लावायची. खायची म्हणून कवा दिली?"
"मग दर हंगामाला एवढी कशाला नेतो आमी, वाटलं तुला? माझं घर काय चारमिनार हाय का?"
दुकानातली माणसं हसली. मीही. काकू नाही हसल्या.
चमकवलेला सगळा माल विकायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. नदीत सोडू म्हणाल्या. मी किंचाळले. नदीचं पाणी काय शत्रू पितात? विहिरीपासून लांब, माळावर, खोल खड्डा. माणसं लावून पुरला. काकू कडेला उभ्या राहिल्या. गेलेल्या माणसाला पोचवायला उभं राहतात तशा.
बळवंतराव संध्याकाळी आले, चेहरा पडलेला. "माझ्यामुळं झालं, बाई." त्यांना चहा दिला. शाखर जास्त घातली.

१४ एप्रिल
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मथूला तपासलं. दूध, हवा, धुरळ्यापासून लांब. बाळाचं? "वाट पाहा. मी शब्द देणार नाही." बाई मला आवडली. तीस वर्षांपूर्वी भेटती तर मैत्री झाली असती.
मथूला गंगाखेडला माहेरी पाठवलं. निघताना सासूच्या पाया पडली, मग माझ्या. मी पाय मागे घेतले. काकू म्हणाल्या, "नमस्कार घ्या हो. बारीक शिव्या देऊन आशीर्वाद द्या, तुमचा तोच लागतो."

२७ एप्रिल
काकूंची नवी हळद: नुसती घासलेली, रंग नाही. फिकी, मातकट. आठवडी बाजारात शेजारच्या पाट्यांवर हळकुंडं सोन्यासारखी चमकतात. आता मला ती बघवत नाहीत. आमची मांडणी बिचारी दिसते. मी छत्री घेऊन मागे बसले, तोंड बंद ठेवायचं वचन देऊन.
एक बाई हळकुंड उचलून म्हणाली, "ही काय हळद? आजारी दिसायलीय."
काकू: "आजारी न्हाई. धुतल्या तोंडाची हाय. बाकीच्या पावडर लावून बसल्यात."
बाईने हसून अदपाव घेतली. मी वचन मोडून शेजारच्या पाटीवाल्याला पिवडी कुठून आणतोस विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुमी कोण?" पुढचा अर्धा तास मी कोण ते सांगितलं. बाजार भरपूर जमला. बहुतेकांनी माल मात्र त्याच्याकडूनच घेतला. सिस्टरांनी हे मला शिकवलं नव्हतं: खरं सांगितलं की लोक थांबून ऐकतात, आणि मग चमकणारंच घेतात.
तरी घरी येताना कलिंगड घेतलं. काकू आणि मी अंगणात बसून अख्खं संपवलं. अंगणात धुरळा नाही. फार दिवसांनी छान गार संध्याकाळ.

६ मे
जमीला परतीच्या गाडीने गेली. डब्याच्या खिडकीतून बाजारातल्या बाकीच्या पाट्यांवरचे नमुने दिले, दहा पुड्या. स्वतःच्या हाताने. "सब में मिला तो?" म्हणाली. मी म्हटलं, तर तालुकदार साहेबांच्या कचेरीच्या पायऱ्या आहेत, माझे गुडघे आहेत, बघू कोण आधी झिजतं.

२१ मे, गंगाखेड
काकू एकट्या जायला घाबरत होत्या. काय दिसेल म्हणून. म्हणून दोघी गाडीने आलो. मथूच्या आईने आंब्याचा रस केला होता, मी तीन वाट्या घेतल्या, काकूंनी एकही नाही.
पाचवा सरतो आहे. याच महिन्यात, मागच्या दोन्ही वेळा.
मथू अंगाने भरली आहे. गोळा उठत नाही म्हणते. जेवणानंतर ओसरीवर उजेडात बसवली, ओठ वर करायला लावला. रेघ आहे. काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या, त्यांचा श्वास मला मानेवर कळत होता.
"फिकी झालीय का, बाई?" मथूने विचारलं.
मी बराच वेळ पाहिलं. एकदा वाटलं झाली, एकदा वाटलं मलाच तसं पाहायचंय.
"कळत नाही," म्हणाले.
काकू येऊन मथूशेजारी बसल्या. मथूने माझं मनगट धरलं आणि हात पोटावर ठेवला. आतून एक ढुशी, चांगली जोरात.
"मग ह्यालाच इचारा की."
काकूंचाही हात आला, माझ्या हाताशेजारी. ढुशीची वाट बघत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. आत तो झोपला असावा. मथूही भिंतीला टेकून झोपली. हात काढायचं कुणी म्हणेना.