कोरं पीठ

प्रिय छाया,

काल दिवेलागणीला तुझा फोन आला. नेहमीसारखं तू विचारलंस, "आत्या, आला का वास?" आणि रेंज जाते म्हणून मी फोन ठेवून दिला. रेंज चांगली होती गं. त्याच्या आदल्या दिवशी कुकरची शिट्टी होते असं सांगून टाळलं, तेव्हा चुलीवर काहीच नव्हतं. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू रडली असतीस, तुझ्या आधी मी, आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहायला बसले. तुझ्या या सासूचं लिहिणं तुला ठाऊक आहे. फुलांच्या पुड्या बांधता बांधता रद्दीवरची अक्षरं जुळवत शिकलेली मी, काना-मात्रा इकडची तिकडे झाली तर सांभाळून घे. एका दमात वाचू नकोस. शेजारी तुझी आई असू दे.

इकडे बरं आहे. शेवंती कळ्यांवर आलीय, दसऱ्याला सापडेल असं तुझे मामा म्हणतात. त्यांचा गुडघा पावसाळाभर कुरकुरला, पण वाफ्यात बसले की तो दुखत नाही आणि घरात बसले की दुखतो, असला तो लबाड गुडघा. कोथिंबिरीचं पाण्यानं वाटोळं झालं. मखमलाबाद आता पहिल्यासारखं राहिलं नाही. मळ्याच्या पलीकडच्या अंगाला तीन मजली इमारत उभी राहिलीय, म्हणून कोल्ही-मुंगसं, काय काय आपल्या घराकडे सरकतंय. त्यातलंच एक सांगायचंय, पण आधी दुसरं सांगते.

रोहित वरच्या खोलीत भात शिजवायचा ते तुझ्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? सातपूरला रात्रपाळी असली की दिवसभर झोपायचा, दिवे लागायच्या वेळेला उठायचा आणि मला खाली त्रास नको म्हणून वरच्या वर छोट्या शेगडीवर घोटीचा इंद्रायणी लावायचा. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी म्हटलं होतं, अगं नवरा भात लावतो आणि तू बघत बसतेस? तर तू म्हणालीस, "आत्या, मी लावला तर ते म्हणतात मोकळा होतो, त्यांना गिचका लागतो." किती हसलो होतो आपण. पौषातल्या त्या धुक्यात कंपनीतून येताना त्याची गाडी घसरली आणि वरची शेगडी थंड पडली. मग फाल्गुनात एक दिवस तू जिना उतरून धावत आलीस आणि माझा हात धरून मला वर नेलंस. वर शेगडी कोरडी, डबा बंद आणि खोलीभर इंद्रायणीचा वास. त्या दिवसापासून आपण दोघी रोज तिन्हीसांजेला वर जाऊन बसायचो. कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? वैशाखात तुझा भाऊ ज्ञानेश तुला कांदे भरायच्या निमित्तानं चांदवडला माहेरी घेऊन गेला तेव्हा तू जिन्याकडे वळून पाहिलंस आणि मला म्हणालीस, "तुम्ही रोज जा हं वर. त्यांना एकटं नका ठेवू."

मी रोज गेले, छाया. एक दिवस चुकवला नाही.

श्रावणातल्या झडीत त्या खोलीचं सीलिंग एका कोपऱ्यात फुगलं. रोहितनं लग्नाआधी हौसेनं पत्र्याखाली मारून घेतलेलं तेच. पिवळा डाग पडला आणि वरून खुडबुड यायला लागली, चिकूच्या बिया पत्र्यावर पडायला लागल्या. मामांनी शिडी लावून बॅटरी मारली आणि झटक्यात खाली आले. म्हणाले, "मांजर हाय पण मांजर नाय. तोंड मुंगसागत, शेपूट हातभर. आन् पिल्लं हायेत." शेजारच्या बायडाबाईला कळायचा अवकाश, तिनं दारातूनच सुरू केलं, "सिंधे, तो उद हाय, उद! मढं उकरणारं जनावर. आधीच घरात एवढं झालंय. केळ्यात गोळी घाल आन् मोकळी हो." मी म्हटलं, "बायडे, गोळी घालायची तर तुझ्या तोंडात घालते." ती फुरंगटून गेली, पण मामांना तिचं पटत होतं. पिंजरा आणू, लांब गंगापूरच्या रानात सोडून देऊ, असं त्यांचं चाललं होतं. मी म्हटलं, आधी विचारू तरी. वनखात्याला फोन केला.

एक पोरगी आली, पूजा नावाची. खाकी कपडे, लांब वेणी, तुझ्याच वयाची असेल. वर चढली, बॅटरी मारली, लगेच बंद केली आणि हळू उतरली. म्हणाली, "काकू, उदमांजर आहे. मढी-बिढी काही उकरत नाही बिचारं, फळं खातं, उंदीर खातं. कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मारणं तर सोडाच, पिंजऱ्यात धरून नेणंसुद्धा गुन्हा. आणि आईला नेलं तर पिल्लं इथंच मरतील. थोडा धीर धरा, पिल्लं हिंडती झाली की ती त्यांना घेऊन आपण होऊन जाईल. मग भोकं बुजवा." एवढं बोलून तिनं नाक वर केलं आणि हसत म्हणाली, "वास बघा ना काकू, अगदी भातासारखा! यांचा वास असाच असतो. लोक आम्हाला फोन करून सांगतात, मॅडम, शेजारी अपरात्री आंबेमोहोर लावतात."

तिचा काय दोष? ती हसली, मी चौकट धरली. मी विचारलं, "कशाचा वास म्हणालीस, बाळा?" तिनं पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचं हसू गेलं. तिनं भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला, शेगडी पाहिली, आणि मला घेऊन खाली जमिनीवर बसली.

त्यानंतरही तू रोज विचारायचीस आणि मी "आला गं" म्हणायचे. खोटं नव्हतं ते, वास येतच होता. आणि खरं सांगू? कळल्यावरही मी रोज वर जात होते. डोक्याला माहीत होतं की वर चार पायांची एक लेकुरवाळी आहे, पण नाकाला कोण समजावणार? एकदा मामाही गुडघा सांभाळत वर आले. तिन्हीसांजेला कधी वर न येणारे. जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "मीठ कमीच घालायचं पोरगं." मग आम्ही दोघं तिथंच अंधार पडेपर्यंत बसलो.

पिल्लं आईच्या मागं पत्र्यावर यायला लागली तेव्हा पूजा पुन्हा आली. चिकूची पत्र्यावर झुकलेली फांदी छाटायला सांगितली, एक सोडून बाकीची भोकं जाळीनं बंद करवून घेतली, आणि म्हणाली, "आता या शेवटच्या भोकापाशी पीठ पसरा. बाहेर जाणारे ठसे दिसतील. नंतर पीठ कोरं राहिलं की समजायचं, आत कोणी नाही. तोपर्यंत बुजवू नका, एखादं पिल्लू आत कोंडून मरेल." पीठ म्हटल्याबरोबर मामा उठून मळ्यात निघून गेले.

तुलाही आता तेच आठवलं असेल. रोहितला जिथं ठेवलं होतं तिथं आपण पीठ पसरलं होतं, मध्ये दिवा, वर पालथी पाटी. सकाळी बायकांनी पाटी उचलली. जीव ज्या जन्माला गेला त्याचं पाऊल उमटतं म्हणतात, कोणाच्या घरी पाखराचं, कोणाकडे गाईचं. आपल्या पिठावर काहीच नव्हतं. तेव्हा कोणीतरी तुझ्या कानाशी कुजबुजलं, जीव गेलाच नाही, घरात अडकलाय. ते तू मनात धरून ठेवलंस. मीही धरलं. मग वास यायला लागला तेव्हा आपल्याला वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

मी पत्र्यावर माझ्या हातानं पीठ पसरलं. निम्मं वाऱ्यानं नेलं, पुन्हा पसरलं. सकाळी ठसे होते, आईचे मोठे, बाकीचे लहान, सगळे चिकूच्या बाजूला निघालेले. पुढच्या सकाळी पीठ कोरं. त्याच्या पुढच्याही. पूजा फोनवर म्हणाली, "पीठ कोरं म्हणजे गेली ती काकू, सुखरूप गेली. आता बुजवा." सुखरूप गेली. मी तो शब्द कितीतरी वेळ घोळवत राहिले. तेच कोरं पीठ, आणि आपल्याला कोणी असं वाचून दाखवलं नाही.

मामांनी भोक बुजवलं. ओलं सीलिंग उतरवलं, पत्रा घासला, खोली फिनेलनं धुतली. आता तिथं फिनेलचाच वास येतो. काल मी लिहिणार म्हटलं तर मामा म्हणाले, "नको सांगू तिला. पोरीजवळ तेवढंच उरलंय." मी म्हटलं, तेवढंच उरलंय म्हणूनच सांगायला पाहिजे. ते रागावले नाहीत. आज सकाळी त्यांनीच पोस्टातून पाकीट आणून माझ्यासमोर ठेवलं.

आता लिहायचं कारण. ज्ञानेश परवा नाशिकला आला होता, वाकडी वाट करून घरी आला. चहाची बशी बाजूला सारून म्हणाला, कळवणच्या त्या हर्षलकडून तुझ्यासाठी पुन्हा मागणी आलीय. त्याची बायको बाळंतपणात गेली, पदरात पोरगी आहे, माणूस शब्दाचा आहे, आणि तू त्याला नाहीही म्हणत नाहीस. विचारलं की एवढंच म्हणतेस, "ते अजून घरात आहेत, त्यांना सोडून मी कशी जाऊ?" छाया, तो घरात नाही. मी शिडीवर चढून पाहिलंय, हात घालून चाचपलंय, तिथं कोणी नाही. तू हो म्हण. फक्त आत्याला विचारून हो म्हटलं असं कोणाला सांगू नकोस, कारण माझ्या आतून अजून हो निघत नाही. माझ्या रोहितची बायको दुसऱ्या कोणाची झालेली मला बघवेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित लग्नाला मी येणारही नाही, मामांना एकटं पाठवीन. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझं मन तयार होईपर्यंत थांबलीस तर म्हातारी होशील, पोरी. थांबू नकोस.

कळवणला गेलीस तरी तुझीच,
आत्या