आबांच्या पायातली गोळी

आबा,

झालं ते आधी सरळ लिहिते.

१. आपल्या चुडाव्याच्या शाळेत येत्या रविवारी तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. तिच्यावर ‘लढाईत गोळी लागून जखमी’ असं रंगवून झालंय.

२. नातीनं चार शब्द बोलावेत, असा सरपंचांचा निरोप आला. मी हो म्हणाले.

३. तुमच्या त्या पायाचा एक्स-रे मीच काढला होता. त्यात गोळी लागल्याची खूण दिसली नव्हती.

तिसरी गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. तेव्हा मी परभणीच्या एका दवाखान्यात नुकती एक्स-रे काढायला लागले होते. शेळ्यांमागं जाताना तुम्ही पडला होता, लंगडा पाय सुजला होता. नवीन काही मोडलं नव्हतं. जुनं होतं, गुडघ्याखालचं हाड कधीतरी मोडून वाकडं सांधलेलं. धातूचा कण नाही. तेवढ्यानं गोळी नव्हतीच असं ठरत नाही, ती आरपारही जाते. पण मग कातडीवर वण राहतो. तुमच्या नडगीवर वण नव्हता.

मी विचारलं, “आबा, गोळी कुठं लागली होती?” तुम्ही टेबलावर पडूनच होता, धोतर वर सारलेलं.

“गावाला इचार की. त्यायला ठाव हाय.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“लय सायबिणीवानी इचारायलीस.” मग छताकडं बघत म्हणालात, “फौजेचं लादलेलं खेचर पडलं अंगावर. डोंगरात, उतारावर. गावात आलो तर लोकं गोळीच म्हणायले. दोनदा न्हाई म्हणलं. तिसऱ्या बारीला चहा आला, मंग गप बसलो.”

“आणि आजीला?”

“तिला म्हणलं, घसरलो. खेचर म्हणलं असतं तर जल्मभर हासली असती.”

गावाला एक, आजीला दुसरं, मला तिसरं. तिसरंच खरं का मानावं? मी लहान असताना तट्टावर बिऱ्हाड लादून आपण कालव्याच्या भरावावरून मेंढरांमागं जायचो. मी खालच्या अंगाला गेले की तुम्ही दंडाला धरून वर ओढायचात. “लादलेल्या जनावराच्या खालून चालू न्हाई. पडलं तर तुह्यावरच पडंल.” हे सांगणारा माणूस स्वतः खेचराच्या खालच्या बाजूला कसा सापडला? तिथं दुसरं कोणी चालत होतं का? तुम्ही त्याला ओढायला गेलात का? त्याचं काय झालं? की खेचर नव्हतंच?

हे मला तिथंच विचारायचं होतं. तुम्ही धोतर खाली ओढलंत आणि म्हणालात, “झालं का?” मी “झालं” म्हणाले. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. आई म्हणते, फौजेतला माणूस बोलेल तेवढंच ऐकावं. तसंच ऐकेन. पण रविवारी माईकसमोर मी गोळी म्हणणार नाही, आणि खेचर म्हणायचं तर ते खरं असलं पाहिजे.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, हे मला कळतं. गोळी खोटी निघाली तर मला काही वाटणार नाही. खेचर खोटं निघालं तर वाटेल, कारण ते तुम्ही फक्त मला सांगितलं होतं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.