सदूचा अर्धा निरोप

मुरुड, मंगळवार

श्री. गणराज दाजींस,

धाकट्या मेव्हण्याचा, रतनचा, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्र.) तुमची मृणाली सुट्टीला आली ती चार दिवस लॅपटॉपात डोकं घालून बसली, तेव्हा मी मनात म्हटलं, दाजींनी पोरीला शिकवून वाया घालवलं. ते वाक्य आज मागे घेतो.

आमच्या मच्छीमार सोसायटीने होड्यांसाठी स्वतःचं चॅट केलंय. किनाऱ्यालगत रेंज असते, तिथून होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, निरोप लिहितो आणि तो सोसायटीतल्या पडद्यावर येतो. आधी होडीचं नाव, मग दोन टिंबं, मग मजकूर. प्रोग्राम टिंबांवर ओळ तोडायचा, पहिला तुकडा नाव, दुसरा मजकूर, बाकीचं सोडून द्यायचा. आणि आमच्या विनेश तांडेलाला दोन टिंबांचा भारी सोस, जेवायला बोलावतानाही घालतो.

गुरुवारी सकाळी विनेशच्या जलराणी होडीवरून निरोप आला, ‘सदू गेला’.

सदू त्याच्याच होडीवरचा खलाशी. त्याची बायको नीराबाई अंगणात बोंबील निवडत होती. कुणीतरी मोठ्याने वाचलं. ती अनवाणी धक्क्याकडे धावत सुटली, मागून बायका, बायकांमागून भटजींना बोलवायला निघालेला एक उत्साही शेजारी. मी विनेशला फोन लावतोय तर लागेना.

मृणाली शांतपणे म्हणाली, “मामा, मूळ ओळ दाखव. आली तशी.” ती मशीनमध्ये साठवलेली होती. ‘जलराणी: सदू गेला: इंजिनाच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला. अकरापर्यंत येतो.’

पोरगी धक्क्याकडे धावली. नीराबाईचा विश्वास बसेना. “गेला न्हाय तं गेला असं लिवलं कशाला?” मृणाली तिचा हात धरून धक्क्यावर बसून राहिली. सव्वाअकराला होडी दिसली आणि पुढे उभा ओलाचिंब सदू. नीराबाईने आधी त्याला दोन थपडा दिल्या, मग रडली. (भटजींना चहा देऊन परत पाठवलं.)

दुपारी मृणालीने दोन छोटी फंक्शनं लिहिली. एक नाव आणि मजकूर जोडून निरोप बांधतं, दुसरं तो उलगडतं, फक्त पहिल्या टिंबांवर तोडतं आणि पुढच्याला हात लावत नाही. मग बांधलेलं उलगडून जसंच्या तसं येतं का, ते तपासलं. विनेशचे जुने शंभर निरोप घातले, रिकामा घातला, नुसत्या टिंबांचाही घातला. तेरा ओळी, दाजी, मी मोजल्या! एवढ्याशाचं काय कौतुक, असं कुणीतरी म्हणालं, तर म्हणाली, “माणसाने लिहिलेलं शेवटपर्यंत पोचायला हवं ना, काका.”

ताईला नमस्कार.

आपला,
रतन

ता. क. : एक तारखेला मृणालीला नवी मुंबईच्या कंपनीत रुजू व्हायचंय. सोसायटीला ती इथेच हवीय, तिलाही राहायचंय. ‘बाबांना मामाने विचारायचं’ असं ठरलं. विचारलं. नाही म्हणू नका.

ता. क. दुसरं : ओळ तोडणारा आधीचा प्रोग्राम मीच लिहिला होता. मृणालीने पाहताक्षणी ओळखलं आणि कुणाला बोलली नाही, एवढं पोरीचं मन मोठं. ताईला सांगू नका. ती रोज नीराबाईशी फोनवर बोलते.