पुढचा भाग आधी

ता. ९ मार्च, रविवार दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामाला नाही म्हणत नाही. दुकानातल्या मशीनचा पट्टा एकदाचा बदलला. नव्या नोकरीसाठी तुझं सामान भरून झालं का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तुला त्यावर बोलायचं नसतं, हे मावशीला कळतं.

म्हणून आमच्या रविवारांबद्दल लिहिते. तू मला त्या घरच्या घरी सिनेमा करणाऱ्या मंडळींचं वेड लावून गेलीस, ते आता अख्ख्या गल्लीला लागलंय. दर रविवारी दुकान बंद करून भिंतीवर अस्तराचं पांढरं कापड ताणते आणि आम्ही बघत बसतो. काय एकेक लोक गं! उसना कॅमेरा, स्वतःचं स्वयंपाकघर, खिडकीतून येईल तेवढाच उजेड आणि नट म्हणून सख्खे नातेवाईक. पहिल्या रविवारी किल्लीवाले काका म्हणाले, "कॅमेरा धरणाऱ्याला थंडीताप होता का हो?" दातांच्या डॉक्टरीणबाई तर चक्क घोरल्या. एका फिल्ममध्ये माणूस बटाटे सोलतोय तो सोलतोयच. मी म्हटलं, एवढ्यात माझी पँट शिवून झाली असती.

पण बघता बघता नजर तयार झाली. आता डॉक्टरीणबाई मध्येच ओरडतात, "बघा बघा, ढग आला आणि यांनी तो तसाच राहू दिला!" किल्लीवाल्यांनी तर बटाट्यांची फिल्म हट्टाने पुन्हा लावायला लावली आणि शेवटी डोळे पुसत म्हणाले, "अहो, त्याला बायकोला काहीतरी सांगायचंय. धीर होत नाही, म्हणून सोलतोय."

तर ठमे, माझेही बटाटे आता संपले. सांगून टाकते.

गेल्या रविवारी फिल्म आणणाऱ्या ग्रंथालयातल्या बाई आल्याच नाहीत. सगळे कोऱ्या कापडाकडे बघत चहा पीत बसलेले. आणि माझ्या खणात तुझ्या फिल्मचे दोन पेनड्राइव्ह. "मावशी, कुणाला दाखवू नकोस, जमली नाहीये. पहिला अर्धा नुसतं रडगाणं झालाय. महिनाअखेर माझ्याकडचंही सगळं पुसून टाकणार," असं तू बजावलं होतंस. मला सगळं आठवत होतं. तरी मी लावली.

आणि लावली तीही उलटी! तू एकावर लिहिलंयस 'मागचा भाग', दुसऱ्यावर 'पुढचा भाग'. आता मी पडले शिंपीण. आमच्याकडे पुढचा म्हणजे छातीकडचा, मागचा म्हणजे पाठीचा, आणि मी जन्मभर पुढचा आधी बेतत आले. तसाच तो आधी लावला. तुझ्या लेखी पुढचा म्हणजे नंतरचा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यामुळे फिल्म सुरू झाली ती थेट मोकळ्या मैदानात. एक बाई स्कूटर शिकतेय. पडतेय, कोपर झटकतेय, पुन्हा बसतेय आणि खो खो हसतेय. का एवढी हसतेय, कुणालाच माहीत नाही, पण आम्ही सगळे हसत होतो. मग दुसरा भाग. तीच बाई घरात, चपला घालून, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. कुणीतरी सोडायला येईल म्हणून. कुणी येत नाही. चपला काढते, पुन्हा घालते. तू म्हणतेस रडगाणं. अगं, आम्ही तिला मैदानात बघून आलो होतो! किल्लीवाले खुर्चीवरून उठून ओरडले, "अहो बाई, तुम्हाला येते चालवता, निघा ना!"

संपल्यावर त्यांनीच पेनड्राइव्ह हातात घेऊन माझी चूक दाखवली. सगळे पोट धरून हसलो. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठमीला कळवा, शिंपिणीचंच बरोबर आहे. सुलटी करायची नाही."

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ताई तिथे होती. बाही सैल करून घ्यायला आली आणि बसली. आपल्याच लेकीने आपल्याला घेऊन काय केलंय, हे तिने तोवर पाहिलंच नव्हतं. तिला तसं हसताना मी तिच्या लग्नाआधी पाहिलं होतं, त्यानंतर थेट त्या अस्तरावर. मी कापडाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिले. निघताना ती मला म्हणाली, "ही मी आहे?" मी म्हटलं, "हो." मग बाही तशीच विसरून गेली.

रागव माझ्यावर, तुझा हक्क आहे. नोकरीही खुशाल कर, त्या मंडळींतलेही बरेच जण दिवसभर कुठे ना कुठे चाकरीच करायचे. पण पुसायचं तेवढं थांबव. मला तुझा अभिमान वाटतो, हे तोंडावर सांगायला जमलं नसतं.

ताई आत्ता इथेच बसली आहे. कागद मागते आहे, खाली दोन ओळी लिहायच्यात म्हणे.

तुझी,
मावशी

ठमे, ती फिल्म तुझ्या एकटीची नाही, माझीही आहे. पुसायची असेल तर आधी मला विचारायचं, आणि मी नाही म्हणणार आहे.

तुझी हिरॉईन