अंदाजाचे ठिपके

सोमवार, ३
लागली एकदाची नोकरी! खुर्ची गोल फिरणारी, संगणकाचा पडदा दाराएवढा. समुद्रातली जहाजं सतत आपला ठावठिकाणा कळवत असतात. त्या ठिपक्यांवरून कुठला माल कुठे, कधी पोचणार ते आम्ही व्यापाऱ्यांना आधीच सांगतो. आई म्हणाली, नसत्या चौकशा करायची तुझी जुनीच खोड, आता त्याचा पगार मिळणार. धाकटा भाऊ ज्या जहाजावर आहे, तेही माझ्याच यादीत आलंय. महिन्याच्या मध्यावर इथल्याच बंदरात येतोय गुलाम.

बुधवार, ५
धाकट्याच्या जहाजाचे संदेश बंद पडले. साहेब म्हणाले, होतं असं. गिऱ्हाइकाला तुटकी रेघ चालत नाही, तासाला एक ठिपका अंदाजाने टाकत जा, रात्रीचे मी टाकतो. फक्त जपून, टाकलेला पुसता येत नाही. संध्याकाळी धाकट्याला जहाजाच्या उपग्रह-फोनवर विचारलं, तर जहाज तंतोतंत माझ्या ठिपक्यावर! साहेबांनी शाबासकी दिली. मी तर हवेतच.

गुरुवार, ६
गंमत म्हणून एक ठिपका जरा बाजूला टाकला. धाकटा फोनवर चक्रावलेला. सुकाणूला कुणी हात लावला नाही आणि जहाज आपोआप वळलं म्हणे. पुढचा ठिपका मी निमूट सरळ रेषेत टाकला.

शुक्रवार, ७
जेवायला गेले, एक ठिपका चुकला. परत येते तो धाकट्याचा फोन. रडत होता. मधला तास कुणालाच आठवत नाही, आणि आचारी जहाजावर नाही. कुठेच नाही.
साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, मग आता रात्रीही खुर्ची सोडू नकोस. जाताना दाराला बाहेरून कुलूप घातलं.

शनिवार, ८
बंदर अजून चार दिवस लांब. लवकर आणावं म्हणून ठिपके लांब लांब टाकले. धाकटा ओरडला, तायडे, काहीतरी होतंय, पत्रे उचकटतायत! म्हणजे हळूच आणायला हवं. चार दिवस. डोळ्याला डोळा नाही.

रविवार, ९. दुपार
बंदर किती लांब ते बघत होते. डुलकी लागली. हात घसरला — ठिपका पडला. पाण्यात नाही. गावात, आमच्या ऑफिसच्याच रस्त्यावर. पुसला जात नाही —

तीन दिवसांची वाट तासाभरात —

धाकट्याचा फोन. थांबतच नाही म्हणतो. बंदराचा धक्का आला — मागे गेला — आता घरं —

दार उघडत नाही. मागाहून कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय —

म्हणतो, समोरच्या खिडकीत एक बाई मान खाली घालून लिहीत बसलीये, एवढा ओरडतोय तरी वर बघत ना—