खरकटा डबा

मंगळवार, संध्याकाळ. एनिस, आयर्लंड.

निखिलने आज पुन्हा ते चिनी ताओचं तत्त्वज्ञान सुरू केलं. पाण्यासारखं जगायचं, अडलं की वळायचं, निसर्गाशी भांडायचं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, हाच माणूस गवत जरा वाढलं की भर पावसात मशीन घेऊन बाहेर पडायचा. आता म्हणतो, "वाढू दे गं, इट्स ग्रँड."

बरं, वाढू दे. पण डबा?

लिमरिकच्या ऑफिसातून तो रोज डबा धुऊन आणायचा. तिथे किचन आहे, सिंक आहे. दोन आठवडे झाले, डबा खरकटाच येतोय. शिवाय बुटांना चिखल. विचारलं तर म्हणाला, "लंचला नदीवर चालून येतो. तुला ना, सगळ्याचाच संशय."

आहेच मला संशय. त्याच्या टीममधल्या तिघांना नोकरीवरून काढणार, हे त्यानेच सांगितलं होतं. नावं मात्र दोघांचीच सांगितली. की मीच उगाच काहीतरी रचतेय? मग डबा का धुतलेला नसतो?

आता विचारणार काहीच नाही. उद्या डब्यात दोन चमचे ठेवीन आणि त्याच्या आधी गाडीत जाऊन बसेन.